लावलेल्या पत्त्यांची जादू



जादू ही डोळ्यांनीं पाहावयाची वस्तु. ती कानांनीं ऐकवूं पाहणें म्हणजे पाहुण्यांना पक्वान्नांचें नुसतें वर्णन सांगून पानावरून उठविण्यासारखें आहे. परंतु आजचा प्रयोग मी तुमच्यापुढें करावयाचा नसून तुमच्याच हातून, तुमच्याच घरीं व्हावयाचा आहे. घरांत पत्त्यांचा एखादा जोड असेल तर तो जवळ घ्यावा. जोकर बाजूस काढून बरोबर ५२ पानें मोजावींत. जोड नसेल त्यांनीं कागद-पेन्सिल घेतली तरी चालेल. मुलांना अंकगणित शिकविण्यांत माझीं पस्तीस वर्षें गेलीं, आणि शिक्षकाची एक खोड निवृत्तीनंतरही जात नाहीं. समोरच्यानें स्वतःच्या हातानें करून पाहिल्यावांचून त्याला कांहीं कळलें, असें आम्हांला वाटतच नाहीं.

प्रथम, प्रेक्षकांना काय दिसतें तें सांगतों. जादूगार जोड पंख्यासारखा पसरून दाखवितो. लाल-काळीं, लहान-मोठीं, राजे-राण्या, सर्व कांहीं सरमिसळ दिसतें. मग तो जोड पालथा ठेवून एखाद्या गृहस्थाला काटावयास सांगतो. एकदांच नव्हे, मनाचें समाधान होईपर्यंत. नंतर पालथ्या पानांचा पंखा पुढें करून म्हणतो, "यांतलें वाटेल तें पान घ्या, पाहा आणि छातीशीं धरा." त्या पानाकडे तो ढुंकूनही पाहत नाहीं. क्षणभर थांबतो आणि सांगतो, "आपलें पान इस्पिक राणी." पान उलटून पाहावें तों तें इस्पिक राणीच निघतें!

अशा प्रयोगांसाठीं मुद्दाम तयार केलेले जोड मुख्यतः दोन जातींचे असतात. एक कापलेला आणि दुसरा लावलेला. कापलेल्या जोडाचा एक प्रसिद्ध प्रकार असा. त्यांत २६ पानें निरनिराळीं असतात व उरलेलीं २६ एकच, समजा सर्व बदाम सात. हीं एकसारखीं पानें केसभर आंखूड कापून इतरांमध्यें एकाआड एक घातलेलीं असतात. अंगठ्यानें कड सोडीत पानें झरझर उलगडलीं कीं तीं दोन-दोन मिळून पडतात. आंखूड पान लांब पानाच्या आड राहतें आणि पाहणाऱ्याला सगळीं पानें वेगवेगळीं भासतात. मध्येंच बोट घालावयास सांगितलें तर मात्र बोटाखालीं येतें तें बदाम सातच. या जोडाला स्वेंगाली असें नांव आहे. जॉर्ज ड्यू मॉरिये यांच्या १८९४ सालच्या 'ट्रिल्बी' या इंग्रजी कादंबरींत दुसऱ्याच्या मनावर मोहिनी घालणारें एक पात्र आहे, त्यावरून तें पडलें. दुसऱ्या एका प्रकारांत सगळींच पानें एका टोकाकडे किंचित् निमुळतीं कापलेलीं असतात. प्रेक्षकानें घेतलेलें पान परत घालण्यापूर्वीं जादूगार हातांतला जोड हळूच फिरवितो. त्यामुळें त्या एका पानाची रुंद बाजू इतरांच्या अरुंद बाजूकडे येते, आणि डोळे मिटूनही तें बोटांना सांपडतें. पैसे लावून पत्ते खेळणाऱ्या मंडळींनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. जें रंगमंचावर करमणुकीचें साधन तेंच जुगाराच्या बैठकींत खिसे कापण्याचें हत्यार होतें.

माझ्या आवडीचा जोड मात्र लावलेला. त्यांत पानाला कात्री लागलेली नसते, कीं पाठीवर खूण केलेली नसते. एखाद्या वकिलानें तो उलटसुलट तपासला तरी त्याला त्यांत कांहीं सांपडावयाचें नाहीं. सारें कपट पानांच्या क्रमांत आहे, आणि तो क्रम उघड्या डोळ्यांसमोर असूनही दिसत नाहीं.

आतां जोड लावूं या. रंगांचा क्रम पाठ करावा: किलवर, बदाम, इस्पिक, चौकट, आणि पुन्हां किलवर. एक्क्याची किंमत १, गुलामाची ११, राणीची १२ व राजाची १३ धरावी. नियम एवढाच कीं, प्रत्येक पुढचें पान मागच्यापेक्षां तीननें मोठें आणि पुढच्या रंगाचें असावें. बेरीज १३ च्या वर गेली तर तींतून १३ वजा करावे. टेबलावर किलवर एक्का उताणा ठेवावा. त्यावर बदाम चार, त्यावर इस्पिक सात, त्यावर चौकट दहा, त्यावर किलवर राजा. राजाचे १३ आणि ३ मिळून १६. त्यांतून १३ गेले, उरले ३. म्हणून पुढचें पान बदाम तीन. पुढें इस्पिक सहा, चौकट नऊ, किलवर राणी, बदाम दोन, इस्पिक पांच, चौकट आठ, किलवर गुलाम. हीं १३ पानें झालीं. गुलामानंतर ११ आणि ३ चौदा, त्यांतून १३ गेले, म्हणजे पुन्हां एक्का. पण या वेळीं बदामाचा. असेंच पुढें चालावें. हिशेब चुकला नसेल तर ५२ वें पान चौकट गुलाम येईल. तें तसें न आलें तर मागें कोठें तरी हातचा राहिला असें समजावें! आतां सर्व जोड एकदम पालथा करावा, म्हणजे किलवर एक्का सर्वांत वर येईल.

प्रयोगाची कृति अशी. जोड काटावयास द्यावा. वरचा भाग उचलून बाजूस ठेवावयाचा व खालचा भाग त्यावर ठेवावयाचा, हें काटणें. असा तो कितीही वेळां काटला तरी क्रम मोडत नाहीं. बांगडी कोठूनही फिरवली तरी तिच्यावरील नक्षीचा क्रम बदलत नाहीं, तसेंच हें. मात्र पत्ते पिसूं देऊं नयेत. पिसले कीं बांगडी फुटली. पाहुण्यानें पंख्यांतून पान ओढलें कीं, जेथून तें निघालें त्या जागेवरचीं सर्व पानें उचलून जोडाच्या तळाशीं घालावींत. हें सहज, पंखा मिटतांना मिटतां करावें. आतां तळाला जें पान आलें तें ओढलेल्या पानाच्या अगदीं अगोदरचें. जोड टेबलावर ठेवतांना त्याकडे नजर जाऊं द्यावी, खिळूं मात्र देऊं नये. तें बदाम नऊ असेल तर नऊ आणि तीन बारा, व बदामानंतर इस्पिक; म्हणजे पाहुण्याच्या छातीशीं इस्पिक राणी आहे. तळाला चौकट राणी असेल तर बारा आणि तीन पंधरा, त्यांतून १३ गेले, उरले दोन, चौकटीनंतर किलवर, म्हणून किलवर दोन.

याहूनही मौज पुढें आहे. तळचें एक पान कळलें कीं सारा जोड कळतो. समजा, तळाला बदाम पांच आहे आणि कोणी विचारलें, "वरून सतरावें पान कोणतें?" सतराची तिप्पट ५१, त्यांत ५ मिळवून ५६. त्यांतून १३ चा मोठ्यांत मोठा पट ५२ वजा केला, उरले ४. रंगासाठीं १७ ला ४ नीं भागावें, बाकी १. बदामापासून एक घर पुढें, म्हणजे इस्पिक. उत्तर, इस्पिक चार. सतरा पानें मोजून पाहावींत. बाकीचा भागाकार शिकवितांना वर्गांतलीं जीं मुलें खिडकीबाहेर पाहत बसत, तीं या उदाहरणाच्या वेळीं बाकावरून अर्धीं उठून उभीं राहत.

हें असें कां जमतें? एका रंगांत पानें १३, आणि रंग ४. या दोन संख्यांना १ शिवाय साधारण विभाजक नाहीं. त्यामुळें किमतीचें चक्र आणि रंगाचें चक्र हीं पूर्ण ५२ पानें संपल्यावांचून एकत्र आरंभास येत नाहींत, आणि तोंपर्यंत कोणतेंही पान दुसऱ्यांदा येत नाहीं. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफ्यावर हीच युक्ति योजून पाहा. दशावतारी गंजिफ्यांत १० रंग आणि प्रत्येकांत १२ पानें, एकूण १२०. दहा आणि बारा या दोघांनाही २ नें भाग जातो. म्हणून पायरी कोणतीही घेतली तरी फार तर ६० पानांतच चक्र फिरून पहिल्या पानावर येतें, आणि उरलेलीं ६० पानें या रांगेंत बसतच नाहींत. शिवाय त्या चकत्या वाटोळ्या. त्यांना ना लांब कड ना निमुळतें टोक. तेव्हां निमुळत्या जोडाची लबाडीही त्यांच्यांत शिरत नाहीं.

करणाऱ्यांसाठीं दोन-तीन सूचना देतों. एकाच बैठकींत हा प्रयोग दुसऱ्यांदा करूं नये. पहिल्या वेळीं लोक पानाकडे पाहतात, दुसऱ्या वेळीं तुमच्या हातांकडे. जोड पसरून दाखवावा, पण रेंगाळूं नये. या मांडणींत एक काळें, एक लाल अशीं पानें येतात, आणि मोठ्यांना तें दिसलें नाहीं तरी एखाद्या नऊ वर्षांच्या मुलीला हमखास दिसतें. तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची. तिच्यासाठीं मला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल.

मी त्या वेळीं पस्तिशींत होतों. शाळेच्या स्नेहसंमेलनांत दर वर्षीं माझा हा खेळ होत असे. टाळ्या मिळूं लागल्या तशी माझी भीड चेपली. मी डोळे मिटूं लागलों, ओठांतल्या ओठांत कांहीं पुटपुटूं लागलों, आणि "मी मनांतलें ओळखतों" असें बेधडक सांगूं लागलों. एका संमेलनानंतर तिसऱ्या दिवशीं, दिवेलागणीच्या सुमारास, सहावींतला एक मुलगा माझ्या दारांत येऊन उभा राहिला. "गुरुजी, आजीनं बोलावलंय. पत्ते घेऊन या म्हणाली." त्याच्या घरांतून आजीच्या सोन्याच्या कुड्या नाहींशा झाल्या होत्या, आणि चोर कोण तें मीं पत्त्यांवरून काढून द्यावें अशी तिची इच्छा होती.

खरें सांगतों, पहिल्या क्षणीं मला बरें वाटलें. आपली कीर्ति एवढी झाली, असें मनांत येऊन मीं कोट चढविला आणि लावलेला जोड खिशांत टाकला.

आजी माजघरांत बसली होती. मुलाचे वडील दाराशीं उभे होते. मागच्या मोरीपाशीं भांडीं घासण्याचा आवाज येत होता. आजी म्हणाली, "घरांत बाहेरचं माणूस येतं तें एकच. नांव आम्हांला ठाऊक आहे, गुरुजी. तुम्ही फक्त पत्त्यावर काढून दाखवा, म्हणजे उद्यांपासून तिला येऊं नको म्हणून सांगायला बरं." त्याबरोबर मोरींतला भांड्यांचा आवाज थांबला.

तो थांबलेला आवाज मला अजून ऐकूं येतो. माझ्या खिशांत ५२ पानें होतीं आणि त्यांतील प्रत्येकाची जागा मला माहीत होती. घरांतल्या एकेका माणसाच्या नांवानें एकेक पान ठरवून मनांत येईल तें पान मला वर काढतां आलें असतें. आजीला हवें होतें तें नांव निघालें असतें, आणि पत्त्यांनीं सांगितलें म्हणून सर्वांनीं तें मानलेंही असतें. एका गरीब बाईची भाकरी माझ्या बोटांच्या टोकावर होती. आणि ती तेथें आणून ठेवली होती माझ्याच पुटपुटण्यानें.

मीं म्हटलें, "आजी, मला पंधरा मिनिटें द्या." मुलाला घेऊन मी ओटीवर गेलों आणि आतां तुम्हांला सांगितला तोच नियम त्याला सांगितला. मुलगा गणितांत कच्चा होता. तेरा वजा करतांना तो दोनदां चुकला, तिसऱ्यांदा बरोबर आला. मग आम्हीं दोघे आंत गेलों. मीं हात पाठीमागें बांधून भिंतीशीं उभा राहिलों. मुलानें जोड पुढें केला, आजीनें काटला, पान ओढलें. मुलगा तळच्या पानाकडे अगदीं उघड उघड पाहत, बोटें मोजीत पुटपुटला, "राणी बारा, बारा नि तीन पंधरा, पंधरांतून तेरा गेले..." आणि मोठ्यानें म्हणाला, "आजी, किलवर दोन!"

आजीनें पान उलटून पाहिलें. "तुला रे हें कुणी शिकवलं?"

"गुरुजींनीं. आत्तां, ओटीवर."

मीं विचारलें, "मग आजी, चोराचं नांव आतां याला विचारायचं का?"

आजी पुष्कळ वेळ कांहीं बोलली नाहीं. शेवटीं म्हणाली, "याला गणित येत नाहीं म्हणून तुम्हींच तर प्रगतिपुस्तकावर लिहिलं होतंत." मुलाचे वडील हंसले, आणि थोड्या वेळानें मोरींत भांडीं पुन्हां वाजूं लागलीं.

कुड्या पुढें सांपडल्या कीं नाहीं, तें मला कळलें नाहीं. बाई मात्र त्या घरीं काम करीत राहिली, एवढें मीं येतां-जातां पाहत होतों. त्या दिवसापासून मीं एक नियम केला. खेळ झाला कीं शेवटीं स्पष्ट सांगावयाचें, "मला कोणाच्या मनांतलें कांहींही कळत नाहीं, ही हिशेबाची आणि हाताची करामत आहे." हीच ती तिसरी सूचना. युक्ति कोणती तें सांगितलेंच पाहिजे असें नाहीं; पण युक्ति आहे, हें सांगितलेंच पाहिजे.

कोणी म्हणतील, जादूगारांचा संकेत गुपित न फोडण्याचा असतां तुम्हीं तें सर्वांसमक्ष कां फोडलें? जे या कलेवर पोट भरतात त्यांचे नवे प्रयोग उघड करणें मला मान्य नाहीं. पण ही मांडणी कोणा एकाची ठेव नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सी स्टेबिन्स या नांवानें खेळ करणाऱ्या अमेरिकन जादूगारानें ती लोकप्रिय केली म्हणून ती त्याच्या नांवावर चालते. पण हिच्यासारखीच एक मांडणी होरात्सिओ गालासो यानें व्हेनिस येथें १५९३ सालीं छापलेल्या पुस्तकांत आढळते.

त्याच्याही नऊ वर्षें आधीं, १५८४ सालीं, इंग्लंडांत केंट परगण्यांतील रेजिनाल्ड स्कॉट या गृहस्थानें 'द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत पत्त्यांच्या, नाण्यांच्या व चेंडूंच्या हातचलाखीच्या कृति दिल्या आहेत. परंतु हा ग्रंथ करमणुकीसाठीं लिहिलेला नव्हता. त्या काळीं चेटूक केल्याच्या आरोपावरून माणसांना फासावर चढवीत, आणि असे आरोप बहुधा म्हाताऱ्या, दरिद्री, निराधार बायांवर येत. जें अद्भुत दिसतें त्यामागें बोटांची चपळाई असूं शकते, हें स्कॉटनें उलगडून दाखविलें, तें अशा बायांचा बचाव करण्यासाठीं. त्या ग्रंथाची हकीगत मीं प्रथम वाचली तेव्हां मला त्या माजघराची आठवण झाली. काळ वेगळा, देश वेगळा. पण संशय कोणावर येतो, तें माणूस बहुधा तेंच असतें.

आपल्या महाराष्ट्रांत २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा झाला, ही चांगली गोष्ट झाली. पण कायदा दारापर्यंत येतो. माजघरांत काय बोललें जातें तें घरच्या माणसांनींच पाहावयाचें असतें. आणि तेथें रागावण्यापेक्षां, चर्चेपेक्षां, एखाद्या लहान मुलाच्या हातीं लावलेला जोड देणें अधिक उपयोगी पडतें, असा माझा अनुभव आहे.

कोडें सुटलें कीं आनंद गेला, असें कित्येकांना वाटतें. मला तसें वाटत नाहीं. त्या मुलाच्या चेहऱ्यावर किलवर दोन निघाल्यानंतर जो आनंद मीं पाहिला, तो माझ्या खेळाला टाळ्या वाजविणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यावर कधीं पाहिला नव्हता. फसण्यांत गंमत आहे, पण समजण्यांतली गंमत अधिक टिकाऊ आहे.

आतां निरोप घेण्यापूर्वीं सवयीप्रमाणें एक उदाहरण घरीं सोडविण्यासाठीं देतों. लावलेला जोड काटला असतां तळाला किलवर आठ आलें. तर वरून दहावें पान कोणतें? उत्तर मी सांगणार नाहीं. तें आजच्या भाषणाच्या आरंभींच येऊन गेलें आहे.